जड बाजू खाली

टायरच्या दुकानात चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढलं, की मी चहा विसरून आकडे बघत बसतो. तोल साधायला आतल्या बाजूला ४० ग्रॅम हवेत, बाहेरच्या बाजूला २५. पोरगा शिशाचे तुकडे ठोकतो, ग्रॅमच्या हिशेबाने पैसे घेतो आणि ऐंशीला थरथरणारं स्टिअरिंग शहाण्यासारखं वागू लागतं. मग हटकून मनात येतं, की १९०८ साली फोर्डची मॉडेल टी रस्त्यावर आली, तेव्हा या शिशाचं काय करत असतील?

बहुतेक गाड्यांच्या बाबतीत काहीच करत नसत. वास्तविक त्या चाकांना शिशाची गरज आजच्यापेक्षा जास्त. आरे लाकडाचे, आणि लाकूड काही सगळीकडे सारख्या वजनाचं नसतं. टायर कापडाचे थर एकावर एक चढवून केलेला. थराची टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे तो जड. त्यात व्हॉल्व्ह. काही गाड्यांत टायर रिमवर सरकू नये म्हणून आतून कसलेले बोल्ट. शिवाय रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले, म्हणजे पंक्चर पाचवीला पुजलेलं. प्रत्येक ठिगळाचं वजन वेगळं!

तरी कोणी कुरकुरत नव्हतं, कारण गाडीच सावकाश चालायची. तोल बिघडल्यामुळे बसणारा हिसका वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० इंची चाकाच्या कडेजवळ १०० ग्रॅम जास्तीचे असले, तर ताशी ४० किलोमीटरला तो हिसका जेमतेम अडीच किलोचा. वेग दुप्पट झाला की दहा किलो. अडीच किलोच्या हिसक्याची दाद कोण घेणार? खाली खडीचा रस्ता, पुढे धडधडणारं इंजिन, बुडाखाली कडक स्प्रिंगा. वरातीच्या बँडमध्ये मामांचं पुटपुटणं ऐकू येईल काय?

शर्यतवाल्यांचं गणित मात्र वेगळं होतं. इंग्लंडात ब्रुकलँड्सचा ट्रॅक १९०७ साली सुरू झाला. तिथे १९१३च्या फेब्रुवारीत पर्सी लॅम्बर्टने टॅल्बट गाडीतून एका तासात शंभर मैलांहून जास्त अंतर कापलं. त्या वेगाला आपले ते १०० ग्रॅम चाळीस किलोच्या वर ओढ देतात, तीही सेकंदाला अठरा-एकोणीस वेळा गोल फिरत, क्षणोक्षणी दिशा बदलत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच ट्रॅकवर टायर फुटून लॅम्बर्ट गेला. इंजिनं पुढे धावली होती, टायर मागे राहिले होते.

साध्या गाडीवाल्याच्या हाताला थरथर जाणवली ती १९२३नंतर, फायरस्टोनने बलून टायर आणल्यावर. आधीचे टायर अरुंद, साठेक पौंड हवेचे, दगडासारखे. हे गुबगुबीत, तिशीच्या आसपासच्या हवेचे. बसायला सुख, पण पुढची चाकं ठरावीक वेगाला थयथय नाचू लागली. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या सलग अ‍ॅक्सलवर एक चाक उसळलं की दुसरं कलतं, आणि फिरतं चाक कललं की ते आपणहून वळायला बघतं. ही खोड जायला दोन्ही चाकं एकमेकांपासून सोडवावी लागली. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३४च्या मॉडेलांत पुढची चाकं स्वतंत्र स्प्रिंगांवर बसवली, त्यामागचं हेही एक कारण. नुसत्या मऊ गादीसाठी एवढी उस्तवार कोण करतो!

जुन्या चाकाचा तोल काढायची रीत मला आजच्या मशीनपेक्षा आवडते. जॅक लावायचा, ब्रेक सैल करायचा, चाक हलकेच फिरवून सोडून द्यायचं. ते झुलत झुलत थांबतं आणि जड बाजू खाली येते. बरोबर वरच्या बाजूला शिशाची तार आऱ्याला गुंडाळायची, पुन्हा सोडायचं. कुठेही थांबायला लागलं, की जमलं. आत-बाहेरचा वेगळा हिशेब लागत नाही, कारण तीन इंची टायर म्हणजे जवळपास चकतीच. आजची ठोकायची वजनं तिथे चालत नाहीत. त्या रिमची कड आत वळलेली असते आणि टायरचा काठ तिच्यात अडकलेला.

एक पथ्य मात्र पाळायचं. बेअरिंग आधी रॉकेलने धुऊन घ्यायचं. घट्ट ग्रीस असलं, की चाक मनाला येईल तिथे थांबतं आणि आपण भलत्याच आऱ्याला शिसं बांधून मोकळे.