सेन्सर मागवण्याआधी आरपीएमचा काटा बघा

तुम्ही विचारलंत म्हणून. जुनी पोर्शे 944 हौसेने बाळगणाऱ्यांचा, मग ते न्यू जर्सीत असोत की श्टुटगार्टला, प्रश्न साधारण एकच असतो: "थंड गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. तासभर चालवून पेट्रोल भरायला थांबलो की सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. फ्लायव्हीलवरचे दोन सेन्सर बदलू का?"

कदाचित बदलावे लागतील. पण आधी बाकीचं तपासा. यात सेन्सर निर्दोष सुटतात असं बऱ्याचदा होतं.

या गाडीत बॉशचं मोट्रोनिक आहे. स्पार्क आणि इंजेक्शन दोन्ही एकाच कंट्रोल युनिटकडे, आणि त्या युनिटला फ्लायव्हीलवरून (इंजिनाच्या मागच्या टोकाचं जड चाक) दोन खबरा लागतात. स्पीड सेन्सर स्टार्टर रिंगचे 132 दात मोजतो. रेफरन्स सेन्सर फ्लायव्हीलवरची एकच खूण बघतो, म्हणजे एका फेऱ्याला एक ठोका. सेल्फ मिनिटाला 200 फेरे देत असेल तर पहिल्याकडून सेकंदाला 440 ठोके येतात, दुसऱ्याकडून जेमतेम तीन. दोघांपैकी एक जरी गप्प बसला तरी स्पार्क नाही आणि पेट्रोलही नाही.

म्हणून पहिली तपासणी फुकटातली. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा थोडा थरथरत वर उचलला तर युनिटला करंट मिळतोय आणि सेन्सर बहुधा बोलतायत. मग कॉइल, डिस्ट्रिब्युटर कॅप, फ्युएल प्रेशर तिकडे वळा. काटा शून्यावर चिकटून बसला तर संशयित दोन: रिले (करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) किंवा सेन्सर. गाडी बंद पडली त्याच क्षणी, गरम असतानाच हे बघायचं. थंड झाल्यावर केलेल्या तपासणीतून काही कळत नाही. बॅटरी मात्र भरलेली हवी. सेल्फ रडत फिरत असेल तर सिग्नलही अशक्त येतो आणि तुम्ही भलत्याच वाटेला लागता.

चावी ऑन केल्यावर फ्युएल पंपाचा आवाज येत नाही म्हणून पंपच बदलून मोकळे झालेले लोक आहेत. 944 चा पंप नुसत्या चावीवर वाजतच नाही. इंजिन फिरतंय हे युनिटला सेन्सरकडून कळलं की मगच त्याला करंट मिळतो.

रिलेला या गाडीचे लोक डीएमई रिले म्हणतात (डीएमई म्हणजे डिजिटल मोटर इलेक्ट्रॉनिक्स, तेच मोट्रोनिक). एकाच डबीत दोन रिले: एक युनिटला करंट देतो, दुसरा पंपाला. वर्षानुवर्षं तापून-निवून आतल्या सोल्डरला पिनेभोवती केसासारखी गोल चीर जाते. गरम झालं की फट उघडते, थंड झालं की मिटते. वर सांगितलेलं लक्षण हुबेहूब हेच. डबी उघडून भिंगाखाली बघा, चीर दिसते. पुन्हा सोल्डर करता येतं, पण नवा रिले घेतलेला बरा, आणि जुना दुरुस्त करून डिकीत ठेवावा. रस्त्यात अडलात तर रिले काढून सॉकेटमधले 30, 87 आणि 87बी हे तीन पॉइंट वायरने जोडा आणि सेल्फ मारा. गाडी सुरू झाली तर रिले दोषी. हा जुगाड घरी पोचण्यापुरता, कारण पंप आता चावीचं ऐकत नाही. इंजिन बंद केलं तरी चालूच राहतो. घरी पोचलात की वायर उपटा.

रिले निर्दोष निघाला तर मल्टीमीटर. सेन्सरचे प्लग इंजिनाच्या मागच्या बाजूला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आहेत. पिन 1 आणि 2 मध्ये साधारण 600 ते 1600 ओहम यायला हवेत. पिन 3 म्हणजे वायरीवरची जाळी. 1 किंवा 2 पासून 3 पर्यंत एक लाख ओहमपेक्षा कमी आले तर आतलं इन्सुलेशन गेलं. आकडे थंडीत बरोबर येतात म्हणून खूश होऊ नका. हेअर ड्रायरने सेन्सर तापवा आणि पुन्हा मोजा. आतली बारीक तार तुटत आली असेल तर आकडा उड्या मारतो किंवा मीटर ओपन दाखवतो.

मोजताना वायर हलवून बघायला विसरू नका. एक्झॉस्टच्या उष्णतेने प्लगचं प्लास्टिक बिस्किटासारखं होतं, नुसत्या बोटाने कान तुटतो, आणि इन्सुलेशन सुटून आतली जाळी उघडी पडते. नवा सेन्सर कुजक्या प्लगला लावला तर दुखणं तसंच राहतं. आणखी एक: दोन्ही प्लग अगदी सारखे आहेत. उलटसुलट लागले तर गाडी कधीच सुरू होणार नाही, आणि दोष मात्र नव्या सेन्सरवर जाईल. काढण्याआधी एकाला रंगीत टेप गुंडाळा.

सेन्सर बदलायचेच ठरले तर खरी मेहनत काढण्यात. इतक्या वर्षांत ते ब्रॅकेटमध्ये घट्ट बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पिरगाळू नका, डोकं तुटून खालचा तुकडा आत राहतो.

आता फट. स्पीड सेन्सरचं टोक आणि दाताचा माथा यांत 0.8 मिलिमीटर हवेत, 0.3 इकडेतिकडे चालतं. दोन्ही सेन्सर एकाच ब्रॅकेटवर असल्याने एकाची फट लावली की दुसऱ्याची आपोआप लागते. क्लच बदलताना ब्रॅकेट ढिला केला आणि नंतर अंदाजाने आवळला, की इथूनच कटकट सुरू होते. फट वाढली तर संथ सेल्फवर सिग्नल पोचत नाही. फार कमी झाली तर दात टोकाला घासतात. साधी युक्ती: 0.8 मिलिमीटर जाडीची वॉशर सेन्सरच्या टोकाला चिकटवा, इंजिन हाताने फिरवून खाली दात आणा (दोन दातांमधली खाच नव्हे), ब्रॅकेट ढिला ठेवून सेन्सर टेकवा आणि ब्रॅकेट आवळा. मग सेन्सर काढून वॉशर सोडवा. सेन्सरला चुंबक असतं म्हणून लोखंडी वॉशर आपोआप धरून राहील असं वाटतं. तरी गोंद लावाच. ती बेलहाऊसिंगमध्ये (फ्लायव्हील-क्लचभोवतीचं कवच) पडली तर पुढचे दोन दिवस गेले.

काटा हलतोय, स्पार्क आहे, पण स्पार्क प्लग पेट्रोलने ओले होतायत, असं असेल तर हे वेगळं प्रकरण. इंजिनाच्या पुढच्या बाजूचा, युनिटला कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर मोजा. 20 अंशांना साधारण अडीच किलोओहम, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. त्याची वायर तुटली की युनिटला वाटतं बाहेर बर्फ पडतोय, आणि ते गरम इंजिनात पेट्रोल ओतत राहतं. डॅशबोर्डवरचा काटा वेगळ्या सेन्सरवर चालतो, त्यामुळे तो बरोबर दाखवतोय म्हणून हा चांगला असं समजू नका.

चालत्या गाडीत इंजिन अचानक बंद पडलं असेल आणि आता सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरतोय असं वाटलं, तर मात्र लगेच थांबा. हे इंजिन असं आहे की टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन व्हाल्व्हवर आपटतात. डिस्ट्रिब्युटर कॅप काढा आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवा. कॅपखालचा रोटर कॅमशाफ्टवर आहे, तो फिरला नाही तर बेल्ट गेला. अडखळलं तर जोर लावू नका, आणि सेल्फ मारायचा नाही म्हणजे नाही.