तुम्ही विचारलंत म्हणून: गुरू कुणाला करावं?

सप्ताहाच्या पत्रिकेवर माझं नाव बरंच खाली असतं. मंडपवाल्याच्या वर, एवढंच. पण मृदंग गळ्यात अडकवून मी महाराजांच्या शेजारी उभा राहतो, त्यांच्याच गाडीतून येतो-जातो, त्यांच्याच पंगतीला जेवतो. त्यामुळं परभणी-हिंगोली पट्ट्यातल्या लोकांना वाटतं, याला आतलं सगळं ठाऊक. कीर्तन संपलं आणि मी मृदंगाच्या तोंडाला लावलेली कणीक खरवडायला बसलो की कुणीतरी शेजारी येऊन टेकतं. "माऊली, माळ घ्यायची म्हणतो. गुरू कुणाला करावं?" बाया त्याहून सरळ. "हे महाराज कसे हाएत हो, खरं सांगा."

नाव मी कुणाचंच सांगत नाही. ज्यांच्या तारखांवर माझं पोट चालतं त्यांची प्रतवारी मी कशाला करू? पण विचारणारा मनापासून विचारतो, त्याला नुसतं 'रामकृष्णहरी' म्हणून वाटेला लावणं बरं नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी माळेचं. वारकऱ्यात माळ घालणं फार साधं असतं. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवायची, ज्याच्याकडून घ्यायची तो ती उचलून गळ्यात घालतो आणि चार नेम सांगतो: एकादशी धर, हरिपाठ म्हण, पंढरीची वारी कर, दारू-मटण सोड. कानात काही सांगावं लागत नाही. रामकृष्णहरी हा मंत्र आम्ही रोज रात्री कर्ण्यातून साऱ्या शिवाराला ऐकवतो, त्यात लपवायचं काय? दत्त संप्रदायात अनुग्रहाची रीत वेगळी, लिंगायतांत इष्टलिंगाची दीक्षा गुरूच देतो. ते त्यांचं त्यांनी सांगावं. मी माळकऱ्यांपुरतं बोलतो.

मग नाम एवढं उघडं असेल तर गुरू हवाच कशाला? हे विचारणारे हुशार असतात, आणि बहुतेक वेळा कुठल्यातरी महाराजाकडून पोळलेले. पण ही शंका जुनीच आहे. तिचा निकाल लागल्याची जी कथा आपण कीर्तनात ऐकतो, ती सगळी आपल्याच मुलखात घडते.

तेरला, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताईनं गोरोबांचं थापटणं बघून विचारलं, हे कशासाठी? मडकी पक्की का कच्ची ते बघायला, काका म्हणाले. मग आमची बघा की! काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे गप बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तसे ते उखडले: ही काय रीत झाली, घरी बोलावून डोकी बडवायची? काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. नामदेव रुसून पंढरपूरला गेले, थेट विठोबाकडं. तो तर त्यांच्या हातचा नैवेद्य खाणारा, त्यांच्याशी बोलणारा. पण त्यानंही गोरोबांचीच बाजू घेतली. म्हणाला, गुरूशिवाय कच्चेपण जायचं नाही, विसोबा खेचरांकडं जा.

देव स्वतः दुसऱ्याकडं पाठवतो, ही गोष्ट मला अजूनही चक्रावून टाकते. साक्षात विठ्ठल बोलतोय, मग मधे माणूस कशाला? मला वाटतं, नामदेवांचा देव फक्त पंढरपुरात होता आणि त्या देवाचे लाडके तेवढे नामदेव होते. हे लाडकेपण देव मोडणार नाही. ते मोडायला तिऱ्हाईत माणूसच लागतो.

तो माणूस औंढ्याला भेटला. आमच्या नरसीपासून औंढा नागनाथ लांब नाही. नामदेव नरसीचेच, असं आम्ही हिंगोलीवाले ठासून सांगतो. देवळात एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेवांना संताप आला, तर विसोबा म्हणाले, बाबा, म्हातारपणानं हलवत नाही. जिथं देव नसेल तिथं माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलले, दुसरीकडं ठेवायला गेले, तर तिथं पिंड. तिसरीकडं, तिथंही पिंड. कीर्तनकार इथं मला खूण करतात आणि मी हात जरा चढवतो, टाळ्या पडतात. पण मला त्याच्या पुढचा भाग आवडतो, आणि तो क्वचितच कुणी सांगतं. विसोबांनी नामदेवांना ठेवून घेतलं नाही. पंढरी सोड आणि माझी सेवा कर, असं म्हटलं नाही. नामदेव पुन्हा आपल्या विठोबाकडं गेले, तिथून पार पंजाबापर्यंत. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. आणि ग्रंथालाच गुरुपद द्यायचं हे गुरु गोविंदसिंहांनी सांगितलं ते १७०८ साली, आपल्या नांदेडात. विसोबांचा चेला फिरून फिरून घराजवळ आला म्हणायचा.

एकनाथांचं तसंच. पैठणचं पोर, लहानपणीच आईबाप गेलेलं, आजी-आजोबांनी वाढवलेलं. कुणाला न सांगता देवगिरी गाठली, जनार्दनस्वामींकडं. स्वामी म्हणजे निजामशाहीतले किल्लेदार, रोजचा सरकारी कारभार बघणारे. त्यांनी नाथांना हिशेबाला बसवलं. एका रात्री एका पैचा मेळ लागेना. दिवा लावून नाथ बसले ते उत्तररात्रीपर्यंत. चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी दारात उभे. म्हणाले, एका पैच्या चुकीनं एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर किती होईल? एवढीच त्यांची शिकवणी. बाकी सगळं नाथांनी वहीवर मान मोडून मिळवलेलं.

आणि नंतर? आजोबांना स्वामींनी चिठ्ठी दिली होती: एकनाथानं पैठणात राहावं, लग्न करावं. तीर्थयात्रेहून परतलेले नाथ पैठणात आजोबांना भेटले, चिठ्ठी वाचली आणि तिथंच थांबले, असं चरित्रकार सांगतात. पुढं गिरिजाबाई, लेकरं, भरलेला वाडा. जनार्दन हे नाव मात्र प्रत्येक अभंगाच्या शेवटी राहिलं.

आपेगावचे विठ्ठलपंत तर बायकोला आळंदीत ठेवून काशीला संन्यास घेऊन बसले होते. गुरूंना कळलं की हा घरच्या बाईला टाकून आलाय, तेव्हा त्यांनीच परत पाठवलं. त्यापायी त्या घरावर केवढा बहिष्कार आला हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच घरात निवृत्तीनाथ जन्मले आणि ज्ञानोबाही, आणि धाकट्यानं थोरल्यालाच गुरू केलं. गुरू शोधायला उंबरासुद्धा ओलांडावा लागला नाही.

म्हणून मी विचारणाऱ्याला उलट विचारतो: ते महाराज तुला घरी पाठवतात का ठेवून घेतात?

सोयाबीन काढणीला आलं होतं, अशा वेळी एक बाई माझ्याजवळ येऊन रडली. पोरगं कॉलेज सोडून एका मठात जाऊन बसलेलं, फोन उचलेना, वर मठासाठी घरून पैसे मागतं. मी म्हटलं, मावशी, त्या मठात जा आणि महाराजांना पोराच्या देखत विचारा, काढणीला याला घेऊन जाऊ का? 'जा रे बाबा, आईचं रान उरकून ये' म्हणाले तर निश्चिंत राहा. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत, जोग महाराजांनी १९१७ साली काढलेल्या, आपली पोरं वर्षानुवर्षं राहतात. तेही घर सोडणंच आहे. पण तिथं शिक्षण संपतं आणि पोरगं विद्या घेऊन परत येतं. काही ठिकाणी मात्र शिक्षण कधी संपतच नाही.

पैशाचं विचारतात. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश केला, डोक्यावर हात ठेवला आणि जेवायला पावशेर तूप मागितलं. तुकोबाच सांगतात की स्वप्नात ते द्यायचंही विसरलं. तरी मंत्र फळला. आताची पाकिटं मी जवळून बघतो. त्यात एक माझंही असतं, तेव्हा जास्त बोलत नाही.

बायांचा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो त्या हळूच विचारतात: घरच्यांना चालत नसलं तर? त्यांना मी वैजापूरकडच्या शिऊरच्या बहिणाबाई सांगतो. ब्राह्मणाची बायको, आणि गुरू मानला कुणबी तुकोबांना, तोही प्रत्यक्ष न भेटता, स्वप्नात. नवऱ्यानं मारलं, बांधून घातलं. तिनं घर सोडलं नाही आणि गुरूही सोडला नाही. शेवटी नवराच तिच्याबरोबर देहूला गेला. मार खात राहा, असं मी कुणाला सांगत नाही, गैरसमज नको. पण मनात कुणाला गुरू मानायचं याला कुणाची परवानगी लागत नाही, हे तिनं स्वतःच्या अभंगात लिहून ठेवलंय.

आणि जांबच्या रामदासांनी दासबोधात हिशेबच मांडलाय: जो शिष्याला साधनेला लावत नाही, इंद्रियं आवरायला शिकवत नाही, असे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत. त्यावर मी काय बोलू?

माझा गुरू कोण, हेही विचारून होतं. मृदंगाचे वस्ताद वेगळे; त्यांनी बोटं ठेचून ठेचून धुमाळी हातात बसवली, आणि तशा वस्तादाशिवाय हे वाद्य येत नाही, मोबाइलवर बघून तर नाहीच. माळ मात्र गावातल्या एका म्हाताऱ्या वीणेकऱ्याकडून घेतली. कोरडवाहू शेतकरी, कीर्तन कधी केलं नाही, पाया पडू द्यायचे नाहीत. गुरुपौर्णिमेला नारळ घेऊन गेलो की पहिला प्रश्न, "पेरणी झाली का?" दुबार पेरणीचं वर्ष असलं तर नारळ परत माझ्याच पिशवीत टाकायचे, "बियाण्याला लागतील पैसे, हे कशाला आणलं?"

तेव्हा माळ घ्यायची असेल तर आधी गावातच बघा. काकड्याला रोज येणारा, ज्याच्याकडं उसने पैसे मागता येतील आणि जो तुम्हाला तोंडावर बोलू शकेल, असा कुणी म्हातारा असतोच. नसलाच तर कार्तिकीला पंढरपूरला जा, एखाद्या फडावर, म्हणजे वारकरी मंडळींच्या मुक्कामी, हरिपाठाला बसा, दोन-तीन दिवस बघा, मग ठरवा. माळ तिथं दुकानोदुकानी मिळते. घेताना मणी तुळशीचेच आहेत ना, विचारून घ्या, आणि दोरा ओढून बघा. बारीक दोऱ्याच्या माळा शेतात काम करताना तुटतात.