मागच्या चाकाची गळती थांबली, आता वर्गणीचं बोलू

पाच दिवसांपूर्वी रात्री माझ्या माउंटन बाइकच्या मागच्या चाकात २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरले होते. आज सकाळी साडेपाचला गेज लावला तर २३! गेज लावता-काढताना अर्धा-एक जातोच, म्हणजे खरी गळती जवळजवळ नाहीच. गेले सहा आठवडे हेच चाक रात्रीत २५ वरून ९ वर येत होतं, त्यामुळे मी गॅलरीत उभी राहून गेज दोनदा लावून पाहिला. मग तशीच पुण्यातल्या हनुमान टेकडीवरून वेताळ टेकडीपर्यंत जाऊन आले. खाणीकडच्या घसाऱ्यात मागचं चाक दगडाला धरून वर चढत होतं. वाटेत एकदाही पंप काढावा लागला नाही.

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की दिवाळीत घेतलेल्या सायकलच्या मासिकाच्या वर्गणीचा हिशेब नूतनीकरणाआधी मांडेन. तो आजच मांडते, कारण या गळतीत आणि वर्गणीत संबंध निघाला. पण आधी गळती.

सेटअप असा : २९ इंची चाकांची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल), मागे २.३५ इंची टायर, रिमची आतली रुंदी ३० मिमी. चाकं ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नाही : रिममधली स्पोकची भोकं टेपने झाकलेली आणि टायरमध्ये बारीक भोकं आपोआप बुजवणारं द्रव, सीलंट. एप्रिलच्या मध्यावर बावधनकडून येताना मागे बाभळीचे दोन काटे घुसले. काटे काढले, सीलंटचा फवारा उडाला, भोकं बसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चाक जमिनीवर. मी ते काट्यांवर ढकललं. उन्हाळ्यात टेकडीवर बाभूळ आणि बोरीचे काटे वाळून वाटेवर पडलेले असतात, त्यामुळे शंका घ्यायला दुसरी जागाच सुचली नाही. टायर उलटा करून आतून बोटं फिरवली, आणखी तीन बारीक टोकं सापडली, तीही काढली. सीलंट ६० मिली जास्त घातलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

त्यानंतर मी उन्हाला दोष दिला. यात थोडं तथ्य आहे. सीलंट म्हणजे शेवटी द्रवात तरंगणारं लॅटेक्स, आणि ४० अंशांत बंद गॅलरीत ठेवलेल्या सायकलीत ते भराभर सुकतं. बाटल्यांवर दोन ते सहा-सात महिने लिहिलेलं असतं. माझ्या अनुभवात एप्रिल-मेमध्ये पाच आठवडे मोजावेत. उघडलं तेव्हा आत रबराचा चेंडू झालेला होता आणि द्रव चमचाभरही नव्हतं. नवीन १०० मिली घातलं. सकाळी ११ पीएसआय.

मग व्हॉल्व्ह. कोर (व्हॉल्व्हच्या आतला सुटा होणारा भाग) बदलला, रबराचं बूड बदललं, नट घट्ट केला. सकाळी १०.

या काळात व्हिडिओ किती पाहिले त्याची गणती नाही. अडचण अशी की व्हिडिओत सगळं नीट होतानाच दिसतं. टेप लावली, टायर चढवला, हवा भरताना त्याचे काठ रिममध्ये बसल्याचा टक्-टक् आवाज आला, झालं. आपलं बिघडलेलं चाक त्यात कुठे शोधायचं?

शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेले. ट्यूबलेस सायकल त्यांनी आधी हाताळली नव्हती. "ताई, यात ट्यूब टाकून देऊ का? कशाला जिवाला त्रास," असं म्हणाले, पण नाही म्हटल्यावर त्यांनी अख्खं चाक पाण्याच्या टबात उभं धरलं आणि सावकाश फिरवलं. मी घरी फक्त टायरवर साबणाचं पाणी मारत होते. टबात दिसलं ते वेगळंच : टायरमधून एकही बुडबुडा नाही, काठातूनही नाही. बुडबुडे येत होते स्पोकच्या निपलांमधून, म्हणजे स्पोक रिममध्ये बसतात त्या बारीक नटांमधून. एका नाही, सात-आठ निपलांमधून, बारीक साखळीसारखे. "हवा टायरातून जातच नाही हो, रिंगमधनं जातीय," काका म्हणाले. पैसे घ्यायला तयार नव्हते, बळेच दिले.

निपलांतून बुडबुडे म्हटल्यावर मला एक पान आठवलं. शेफिल्डच्या मामेभावाने येताना एका ब्रिटिश मासिकाचे सहा जुने छापील अंक आणले होते, तेच वाचून मी त्या मासिकाची डिजिटल वर्गणी घेतली होती. त्यातल्या एका अंकात वर्कशॉपच्या पानावर खाली कोपऱ्यात एक छोटी चौकट होती. हवा निपलांतून किंवा व्हॉल्व्हच्या भोकाशेजारून येत असेल तर सीलंट ओतत बसू नका, टेप उखडा आणि रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त रुंद टेप लावा, एवढाच मजकूर. ती चौकट मी तेव्हाच वाचली होती आणि पान उलटलं होतं. तेव्हा माझं चाक गळत नव्हतं.

टेप काढली आणि पट्टी लावून मोजली : २५ मिमी. रिम ३० ची! म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिमी उघडी. रिमचा तळ सपाट नसतो, मधे खोलगट असतो, त्यामुळे टेपच्या कडेला कायम ताण. काटे काढायला टायर उतरवताना माझ्या लिव्हरने (टायर उचकटायच्या पट्टीने) टेपची कड थोडी उचलली असणार आणि सीलंट तिच्याखाली शिरून गोंद सोडवत गेलं. काट्यांचा संबंध एवढाच. चाक बांधून देताना ही टेप कोणी लावली ते लिहीत नाही, पण नवं चाक घेणाऱ्या प्रत्येकाने टायर चढवण्याआधी टेप मोजून घ्यावी, हे आग्रहाने सांगते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ३४ मिमीची म्हणून ऑनलाइन मागवलेली टेप मोजली तर ३१ भरली, आणि वळणावर सुरकुत्या पडायच्या इतकी जाड. तरी लावली. सकाळी १४. सुधारणा होती, पण सहा आठवड्यांनंतर १४ बघून रडू यायचं बाकी होतं.

मग आमच्या सायकलच्या गटातल्या एकाने टेसा ४२८९ सुचवली. ही मूळची खोकी बांधायची टेप, पण ताणली तरी फाटत नाही आणि सीलंटला दाद देत नाही. त्याच्याकडे २५ मिमीचा रोल होता. ३० च्या रिमवर २५ ची टेप पुन्हा? यावर उपाय म्हणजे एक फेरा डाव्या भिंतीला चिकटवून, दुसरा उजव्या भिंतीला चिकटवून. मधे दोन्ही एकमेकींवर चढतात आणि कडा दोन्हीकडे पूर्ण झाकल्या जातात. आधी जुना गोंद स्पिरिटने पुसून काढला, रिमवर बोट फिरवल्यावर चर्र आवाज येईपर्यंत. सुरुवात व्हॉल्व्हच्या थोडी अलीकडून, म्हणजे शेवट भोकावरून पलीकडे जातो आणि तिथे टेप जास्तीची मिळते. प्रत्येक हातभर टेप ओढून धरायची आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जायचं. व्हॉल्व्हसाठी ब्लेडने फुली कापली नाही, तापवलेल्या दाभणाने गोल भोक पाडलं. फुलीची टोकं पुढे फाटत जातात. मग रात्रभर आत साधी ट्यूब घालून ३५ पीएसआय ठेवले, म्हणजे टेप खोलगट भागात नीट बसते.

दुसऱ्या दिवशी ट्यूब काढून टायर चढवला, कोर काढला, काठाला साबणाचं पाणी लावलं आणि काकांच्या कॉम्प्रेसरवर नेलं. अडॅप्टर माझा, हवा त्यांची. टक्. मग तीन-चार सेकंद काही नाही. मग टक्-टक्-टक्. काकांनी मान डोलावली. तो आवाज मी अजून दोनदा तरी मनात ऐकला आहे.

रोल ६६ मीटरचा असतो. आमच्या चाकाला दोन फेऱ्यांना चारेक मीटर लागतात, म्हणजे एका रोलमध्ये सोळा चाकं. पुढच्या रोलमध्ये कोणाला भागीदारी हवी असेल तर सांगा.

आता वर्गणी. वर्षाची डिजिटल वर्गणी मला एका चांगल्या टायरच्या किमतीपेक्षा कमी पडली. छापील अंक इथे मागवायचे तर टपालखर्चानेच कंबर मोडते, तो विचार सोडून दिला. नव्या सायकलींच्या चाचण्यांची पानं मी आता चाळते फक्त. त्यातल्या बहुतेक सायकली इथल्या दुकानात येत नाहीत, आल्या तरी किंमत आपल्या आवाक्यातली नसते. पैसे वसूल होतात ते दोन ठिकाणी. एक, वर्कशॉपची पानं. दुसरं, दीर्घ चाचणी. एकच माणूस एकच सायकल आठ-दहा महिने चालवतो आणि काय झिजलं, कुठलं बेअरिंग पाणी शिरून गेलं, कुठला भाग बदलून बरं वाटलं ते दर अंकात थोडं थोडं लिहितो. चार मिनिटांच्या व्हिडिओत हे मिळत नाही, कारण त्यासाठी आधी महिने जावे लागतात.

माझी खरी तक्रार ऋतूंची होती. फेब्रुवारीचा अंक चिखलाचे टायर, मडगार्ड आणि दिव्यांनी भरलेला, आणि आपल्याकडे तेव्हा पायाखाली कोरडा मुरूम. जूनच्या अंकात कोरड्या वाटांचे टायर, आणि आपल्या टेकडीवर शेवाळलेला कातळ. म्हणून नूतनीकरण करायचं नाही असं ठरवून मी ही नोंद लिहायला घेतली होती.

पण हे लिहितानाच लक्षात आलं की अंक चुकीचे नाहीत, मी ते चुकीच्या महिन्यात वाचते आहे. त्यांचे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे अंक बाजूला काढून जुलै-ऑगस्टमध्ये वाचले पाहिजेत. ओल्या दगडावर मऊ रबर, थोडी कमी हवा, ब्रेक पॅड कुठले टिकतात, धुताना पाण्याचा झोत बेअरिंगवर का मारू नये, हे सगळं आपल्या पावसाळ्याचंच आहे. काळ्या मातीबद्दल तिथे कोणी लिहिणार नाही. फ्रेम आणि टायरच्या मधे ती कशी थापली जाते ते आपणच एकमेकांना सांगायचं. पण शेवाळावरचा टायर इकडचा काय आणि तिकडचा काय.

आणखी एक गोष्ट मनात आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत २१ ऑक्टोबर १९७६ला रीपॅक या डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीची पहिली फेरी झाली. उतारावर मागच्या हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी हब पुन्हा ग्रीस भरून बांधावा लागायचा, म्हणून ते नाव. त्याच मंडळींतून १९८०मध्ये फॅट टायर फ्लायर हे या छंदाचं पहिलं मासिक निघालं, चार्ली केली आणि डेनिस कॅरामॅग्नो यांचं. ते १९८७पर्यंत चाललं. १९८९पासून निघणारं डर्ट रॅग हे याच छंदाचं अमेरिकन मासिक २०२०मध्ये बंद पडलं. वर्कशॉपचं पान लिहिणाऱ्या माणसाचे हात ग्रीसने काळे असतात आणि त्याचा पगार वर्गणीतून निघतो. ती कोपऱ्यातली चौकट मला हवी तेव्हा असावी असं वाटत असेल, तर तिचे पैसे मी दिले पाहिजेत.

तर नूतनीकरण करते आहे. त्याआधी दोन कामं. उपलब्ध जुन्या अंकांतली वर्कशॉपची पानं बिघाडानुसार वहीत उतरवते : गळती, करकर, ब्रेकमधली हवा, अशी. मूळ बेत सगळे अंक ओळीने वाचायचा होता, तो रद्द. आणि दर पंधरा दिवसांनी व्हॉल्व्हमधून बारीक नळी घालून सीलंट किती उरलं ते सिरिंजने मोजणार. मे ते सप्टेंबरचे आकडे हाती आले की आपल्या हवेत ते खरं किती टिकतं ते कळेल. पहिलं मोजमाप आज घेतलं : १०० मिली घातलेलं, सिरिंजमध्ये ८५ आलं, बाकीचं टायरच्या आत पसरलेलं असणार.

पुढचं चाक अजून उघडलेलं नाही. तेही त्याच हातांनी बांधलेलं आहे, त्यामुळे रविवारी त्याची टेप मोजते.