मुलीच्या ॲडेनॉइडची शस्त्रक्रिया आणि विम्याची ‘प्रतीक्षा’

माझ्या पाच वर्षांच्या मुलीची ॲडेनॉइडची शस्त्रक्रिया तासाभराच्या आत आटोपली. तिच्या कॅशलेस मंजुरीने, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला भरण्याच्या होकाराने, मात्र आम्हाला मेटाकुटीला आणले.

नाकाच्या मागे, टाळूच्या वर असलेली ही ग्रंथी साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात सर्वांत मोठी असते आणि पुढे आक्रसत जाते, त्यामुळे ‘मोठी झाली की बरी होईल’ हा नातेवाइकांचा सल्ला अगदीच निराधार नसतो. पण आमची मुलगी रात्रभर तोंड उघडे ठेवून घोरत असे, कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठल्याने तिला कमी ऐकू येत होते आणि सायनसचा संसर्ग पाठ सोडत नव्हता. वाढलेले ॲडेनॉइड नाकाचा मागचा मार्ग अडवते आणि जंतू तिथेच ठाण मांडतात, म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स संपला की पिवळा शेंबूड आणि खोकला पुन्हा हजर होत असे. स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे वापरूनही फरक पडला नाही, तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली.

अनेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये टॉन्सिल, ॲडेनॉइड आणि सायनसच्या शस्त्रक्रियांसाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून तेवढा काळ त्यांचा खर्च मिळत नाही. आमची पॉलिसी त्याहून बरीच जुनी होती आणि मुलीचे नावही त्यात सुरुवातीपासून होते. फक्त आदल्या वर्षी आम्ही ती दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केली होती. पोर्ट केलेल्या पॉलिसीत आधी काढलेला प्रतीक्षा काळ, निदान जुन्या विमा रकमेपुरता तरी, धरावाच लागतो. तरीही शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी नकार आला आणि रुग्णालयातील टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) डेस्कवरून आम्हाला सांगण्यात आले, ‘मॅडम, सिस्टीममध्ये पॉलिसी एकच वर्षाची दिसते.’ कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यावा, असे विमा नियामकाचे २०२४ चे परिपत्रक सांगते. पण तासाभरात निर्णयाऐवजी नवी क्वेरी आली तर काय करायचे, हे डेस्कवर कोणालाच सांगता येत नव्हते. जुन्या पॉलिसींच्या प्रती पाठवल्या, तर आजाराच्या कालावधीचा दाखला मागितला. तो डॉक्टरांकडून मिळवून पाठवला, तर जुन्या प्रती पुन्हा मागितल्या. हेल्पलाइनवरची प्रत्येक व्यक्ती नम्र होती आणि प्रत्येकीला सारी हकिकत पहिल्यापासून सांगावी लागत होती. शेवटी आम्ही स्वतः पैसे भरले आणि परतफेडीचा दावा करायचे ठरवले.

म्हणून पॉलिसी पोर्ट केलेली असेल, तर नव्या पॉलिसीच्या शेड्यूलवर (पॉलिसीचा तपशील असलेल्या पानावर) आधीच्या सलग वर्षांची नोंद आहे की नाही, हे आजच पाहून घ्यावे. कंपनीकडून गट विमा असल्यास त्यात बहुधा हा प्रतीक्षा काळ नसतो, त्यामुळे आधी त्याची चौकशी करावी.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. भूल द्यायची असल्याने सहा तास आधीपासून अन्न आणि दूध बंद होते. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालले. शक्य असल्यास सकाळची पहिली वेळ मागावी, कारण उपाशी मूल सांभाळणे कठीण जाते. घरी आल्यावर काही दिवस तोंडाला घाण वास येतो, तो सहसा काळजीचा नसतो. मात्र नाकातोंडातून ताजे लाल रक्त आले, तर न थांबता रुग्णालय गाठावे. घोरणे लवकरच थांबले. ॲलर्जीची सर्दी अजून होते आणि ती होणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

परतफेडीचा दावाही त्याच कारणाने अडला. मग मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल पाठवून पोर्टिंगचा अर्ज आणि जुनी शेड्यूल्स एकाच पीडीएफमध्ये जोडली, आणि महिन्याभरात उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे जाईन, असे स्पष्ट लिहिले. त्यानंतर कोणतीही नवी क्वेरी आली नाही. हातमोजे आणि मास्क यांचे पैसे कापून बाकीची रक्कम खात्यात जमा झाली. नकार कोणाच्या चुकीमुळे आला होता, याचे उत्तर मात्र कंपनीने दिले नाही.