तुम्ही विचारलंत म्हणून : डोळ्यांतला तो पांढरा ठिपका

फोटो न्यायला आलेली माणसं आधी स्वतःचे केस बघतात, मग डोळे, आणि मग विचारतात, "हा पांढरा ठिपका तुम्ही नंतर कॉम्प्युटरवर टाकता ना?" फोटोग्राफी शिकायला येणारी मुलं तेच दुसऱ्या टोकाने विचारतात : मॅडम, कॅचलाइटसाठी (हाच तो ठिपका) रिंग लाइट, म्हणजे लेन्सभोवतीचा गोल दिवा, घेऊ का? दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. तो ठिपका म्हणजे माणसासमोर जो उजेड आहे त्याचं प्रतिबिंब. तेव्हा डोळ्यात काय दिसतंय याची काळजी करण्याआधी, त्या डोळ्याला समोर काय दिसतंय ते वळून बघा.

डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, हा चिमुकला फुगीर आरसा आहे. त्याच्या वक्रतेची त्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर, आणि समोरून आलेल्या उजेडापैकी जेमतेम अडीच टक्के तो परत पाठवतो. एवढासा उजेड आपल्याकडे उठून दिसतो, कारण बहुतेकांची बुबुळं गडद तपकिरी. पण त्याचमुळे ठिपका नसला की बुबुळ आणि बाहुली एकमेकांत मिसळतात आणि फोटोत नुसती काळी टिकली उरते. घाऱ्या किंवा निळ्या डोळ्यांच्या माणसाचं ठिपक्यावाचून एक वेळ निभावतं.

माझ्याकडे मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आहे, उजेड पसरवणाऱ्या छत्र्या आहेत. पण कुणाच्या घरी जाऊन फोटो काढायचा असला की मी आधी दार शोधते. गावाकडच्या जुन्या घराचा सोपा, म्हणजे ओसरी, हा आयता स्टुडिओ. वरचं ऊन छप्पर अडवतं आणि समोरचं मोकळं आभाळ थेट डोळ्यात उतरतं. आजींना उंबऱ्याच्या आत हातभर बसवायचं, तोंड अंगणाकडे, जरासं तिरकं. घड्याळात दहा किंवा दोन वाजतात त्या जागी ठिपका आला की थांबायचं. नाही आला तर दिवे हलवत बसू नका. "आजी, हनुवटी जरा वर घ्या" एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. भरदुपारी अंगणाच्या मध्यावर उभं करून काढलेल्या फोटोत उजेड रग्गड असतो, पण तो डोक्यावरून येतो. भुवई आडवी येते, डोळे खोबणीत बुडतात. त्यात पदर डोक्यावरून पुढे ओढलेला असेल तर विचारूच नका. मांडीवर थर्माकोलचा तुकडा किंवा धुतलेलं पांढरं धोतर ठेवलं की खालून हलका उजेड चढतो आणि डोळ्याच्या तळाशी एक फिकट रेघ येते. ती मला चालते. काहींना नाही आवडत, ते पुसून टाकतात.

आता अंतराची गोष्ट, जी फारसं कुणी विचारत नाही. दार दोन मीटर उंच धरा. त्याच्यापासून दोन मीटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात ते साधारण साडेतीन मिलिमीटरचं दिसतं. पाच मीटर आत नेलं तर दीड मिलिमीटर. चेहऱ्यावरचा उजेड या अंतरात बराच उतरतो, पण प्रतिबिंबाचा उजळपणा तेवढाच राहतो. ते फक्त लहान होतं. मग चेहरा नीट यावा म्हणून तुम्ही एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, वाढवता आणि ठिपका एकदम झळकतो. म्हणून दाराजवळचे डोळे पाणीदार दिसतात आणि खोलीत आत बसलेल्याचे टोकदार. लहान मुलांना मी दाराजवळ घेते. पैलवानाचा फोटो काढायचा असेल तर आत.

खिडकीही चालते, फक्त तिचे गजसुद्धा डोळ्यात उतरतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररचं १५०० सालचं आत्मचित्र म्युनिकला आहे, त्याच्या डोळ्यांत खिडकीची चौकट रंगवलेली दिसते. पाचशे वर्षांपूर्वीचा चित्रकार कुठे तोंड करून बसला होता हे त्यावरून ताडता येतं.

खिडकी उत्तरेची असावी असं सगळी पुस्तकं सांगतात, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही. युरोपात ते बहुतांशी खरं. आपला महाराष्ट्र मात्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. इथे सांगलीत मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो) होऊन गेला की ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भरदुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. मे महिन्यात मी त्या खिडकीला पांढरं मांजरपाट बांधते. जूनमध्ये ढग आले की ते काढते, कारण ढगाळ आभाळाइतका चांगला सॉफ्टबॉक्स कुठल्याच कंपनीने बनवलेला नाही.

आणि रिंग लाइट? घेऊ नका असं म्हणणार नाही, पण मला तो आवडत नाही. लेन्सच्या दिशेनेच उजेड आला की चेहऱ्यावरच्या सावल्या जातात, गालाची हाडं सपाट होतात आणि डोळ्याच्या मधोमध बांगडी उमटते. सपाट करणं हाच हेतू असेल तर गोष्ट निराळी. मुंबईत १९११ साली जन्मलेली अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हॉलिवूडमध्ये नावाजली. १९३७ च्या मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. कॅमेरामन ल्युसिअन बॅलार्डने कॅमेऱ्याला खेटून एक दिवा लावला, त्याने व्रण पुसट झाले आणि डोळेही चमकले. त्या दिव्याला तिच्या नावावरून आजही 'ओबी' म्हणतात.

राहिला कॉम्प्युटर. एरवी मी ठिपका टाकत नाही, पण एका कामात टाकावा लागतो. घरातलं माणूस गेलेलं असतं, हाती पासपोर्ट साइजचा एकच फोटो, आणि मुलगा सांगतो, "ताई, हार घालायला मोठा करायचाय, डोळ्यांत जरा जीव आणा." तेव्हा मी आधी नाकाची सावली बघते. सावली डाव्या गालावर असेल तर उजेड उजवीकडून आला, म्हणून ठिपका दोन्ही डोळ्यांत उजवीकडे. गल्लोगल्लीच्या रिटचमध्ये नेमकं हेच चुकतं : चेहरा जुळावा म्हणून एका डोळ्यात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे ठिपका देतात आणि भलाचांगला माणूस तिरळा दिसायला लागतो. दुसरं, ठिपका कागदासारखा पांढराशुभ्र नको. फोटोतल्या सदऱ्याच्या पांढऱ्यापेक्षा किंचित उजळ, कडा जराशा विरलेल्या, बस्स.

चष्मेवाल्यांचं तेवढं सांगायचं राहिलं. त्यांच्यात दार आधी काचेवर दिसतं आणि डोळा मागे लपतो. चष्म्याच्या दांड्या कानावरून अर्धा इंच वर उचलायच्या. काच खाली झुकते आणि दार काचेवरून निघून जातं. एका बाजूने फोटो घेताना ही लबाडी कानापाशी उघडी पडते. त्यासाठी मी बिनकाचेच्या तीन-चार जुन्या फ्रेम ठेवल्यात, पण आपलाच चष्मा हवा म्हणून अडून बसणारे बरेच असतात. मग आम्ही शेजारच्या चष्म्याच्या दुकानातून काचा उतरवून आणतो आणि फोटो झाला की परत बसवून घेतो.