सात, चाळीस, नऊशे, हजार

परवा दुपारी कुरियरवाल्याला फोनवर ओटीपी सांगत होते, त्रेसष्ट अठ्ठेचाळीस, तर तो म्हणतो, मॅडम इंग्लिशमध्ये सांगा ना. सांगितला, पण कुरकुर राहिलीच. तीन आधी नि साठ नंतर, यात एवढं काय अवघड आहे? २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' आलं तेव्हाही मी घरात भांडले होते, ज्याच्याशी भांडले त्याला काही पडलेली नव्हती ती गोष्ट वेगळी.

अशा वेळी मला मादागास्करचे लोक जवळचे वाटतात. त्यांची मलागासी भाषा मूळची बोर्निओकडची, इंडोनेशियनची लांबची चुलत बहीण, बरेच आकडेही त्याच मुळाचे, पाचासाठीच्या 'लिमा'चं 'दिमी' झालंय तसे. पण इंडोनेशियन माणूस पंचवीसला 'दुआ पुलुह लिमा' म्हणतो, वीस आधी. मलागासी माणूस मात्र आपल्यातला, 'दिमी आंबी रुआपुलू', पाच आधी नि मग वीस. बरं, आपण शंभर ओलांडले की गुपचूप सरळ होतो, हे लोक होत नाहीत! १९४७ म्हणायचं (त्यांचा फ्रेंचांविरुद्धचा उठाव त्याच सालचा) तर सात, चाळीस, नऊशे, हजार, असं खालून वर चढत जायचं. फळ्यापाशी उभं केलेल्या पोराने आकडा उजवीकडून लिहायचा की बाई हजारावर पोचेपर्यंत खडू धरून थांबायचं, देव जाणे.

आमच्या आजीचं वेगळंच होतं. १९५७ ला नवे पैसे आले ते सरकारसाठी, तिच्यासाठी नाही. भाजीवाल्याने पंचाहत्तर पैसे म्हटलं की ती आधी "म्हणजे बारा आणे" असं स्वतःशी म्हणणार, मग कोथिंबिरीची जुडी उलटी करून देठं बघणार, आणि मग कुठे बटवा सुटणार. मादागास्करमध्ये २००५ पासून फ्रँक जाऊन आरिआरी आला, पाच फ्रँकांचा एक, तरी बरेच जण भाव फ्रँकमध्येच सांगत राहिले, घेणाऱ्याने मनात पाचाने भागून घ्यायचं. आजीचं तिथे छान जमलं असतं.

दहा लाखाला मलागासीत 'तापिट्रिसा' म्हणतात, म्हणजे मोजणं संपलं. आता फ्रँकमध्ये हिशोब धरला तर साधा स्मार्टफोन घ्यायला गेलं तरी मोजणं कधीच संपलेलं असतं, आणि दुकानदार अजून बोलतोच आहे.