कासू

झोप येत नाहीये. त्याने धरलेलं मनगट अजून तसंच जाणवतंय.

काल दुपारभर नव्या डॉक्टरांना मीच सांगत होते, पेशंटशी बोला, सोबत आलेल्यांशी नाही. 2016च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, डॉक्टरांच्या शिक्षणात हा विषय हवा असं कलम 47 सांगतं, सगळं सांगितलं. मुलांनी वहीत उतरवूनही घेतलं.

आणि आज तो समोर बसलेला असताना मी आशाताईंना विचारलं, "काय होतंय याला?" त्यांनी त्याच्या आईला विचारलं. आई म्हणाली, "कासू." तेवढ्यात आशाताईंना लसीकरणाच्या रांगेतून हाक आली, त्या गेल्या. मी ऐकलं 'खांसी'. स्टेथोस्कोप थेट छातीवर. त्याला ऐकू येत नाही, नजर मात्र माझ्या हातावर होती. दोन-तीन श्वास त्याने मला ऐकू दिले. मग माझं मनगट धरलं आणि हात खाली नेऊन पोटावर उजवीकडे ठेवला. तिथे पोट लाकडासारखं कडक होतं.

कोरकू भाषेत कासू म्हणजे दुखणं. मेळघाटात मला दोन वर्षं झाली.

दिवसभर मनाची समजूत घातली. ओपीडी ऐंशीची, डॉक्टर मी एकटी. आम्हाला हे शिकवलं कोणी? 2019पासून एमबीबीएसच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा आली, पण ती आपल्याकडे मराठी. कोरकू मुंडा भाषाकुळातली, मराठीशी तिचं नातंच नाही. सगळं खरं आहे. पण त्याला ना मराठी लागत होती ना कोरकू. मी त्याच्याकडे बघून नुसता हात हलवून विचारलं असतं, तर त्याने पोट दाखवलं असतं. फिरून फिरून इथेच येते. त्याच्याकडे बघितलंच नाही मी.

आणि त्याची आई... आज नको.

108ने धारणीला पाठवलं. चिठ्ठीवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ऐकू येत नाही, हाताने नीट सांगतो, आधी त्याला विचारा. संध्याकाळी फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "हो मॅडम, त्यानेच दाखवलं कुठे दुखतंय ते." फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसले.

उद्याच्या सत्रात आधी हे सांगायचं, जसं घडलं तसं. मग माझ्या जागी आशाताई. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, पहिल्यांदा तुमचं बघू," आणि मला 'कासू' म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी मान हलवली.